विंचरणेचे केस, जटायूचे खांदे : बालाघाट डोंगररांगेतले चार दिवस

माझा भाचा लग्नांचे फोटो काढतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे तो आणि त्याचा कॅमेरा घरात नुसते चिडचिड करत पडून असतात. मी बँकेत कॅशियर, आणि रविवारपुरती जलरंगवाली. दोघांचं दुखणं एकच. त्याचे निसर्गाचे फोटो मोबाइलच्या वॉलपेपरसारखे येतात आणि माझी चित्रं वाण्याच्या कॅलेंडरसारखी. गौरी-गणपती उरकल्यावर तो म्हणाला, "मावशी, चार दिवस रजा टाक. नवरा-नवरी नसलेलं काहीतरी काढू."

निघताना दोन नेम ठरवले. जिथं जाऊ तिथल्या एकाला तरी "इथलं काय सांगतात?" असं विचारल्याशिवाय कागद उघडायचा नाही आणि ट्रायपॉड लावायचा नाही. दुसरा नेम माझ्यापुरता होता : रंग कालवायला त्याच जागेचं पाणी घ्यायचं, बाटलीतलं नाही.

पहिला दिवस : सौताडा, आणि नंतरचा रस्ता

छत्रपती संभाजीनगरहून पहाटे पाचला निघालो. बीड, मांजरसुंबा, मग उजवीकडे पाटोद्याचा रस्ता. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, तूर अजून हिरवीगार. उत्तरा नक्षत्र लागून एकच दिवस झाला होता आणि आभाळाचं काही नक्की ठरत नव्हतं.

सौताड्याचा धबधबा म्हणजे विंचरणा नदीची उडी. नदी वरच्या सपाट माळावरून येते. कडा येईपर्यंत पुढे दरी आहे हे तिलाही ठाऊक नसावं, असं वाटतं. तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे आणि पायऱ्या उतरून तिथं जाता येतं. ही नदी पुढं जामखेडवरून सीनेला मिळते. पायऱ्यांवर एक बाई उकडलेल्या शेंगा विकत बसली होती. नेमाप्रमाणे तिला विचारलं.

"विंचरणा कामून म्हणत्यात ठाव न्हाई? वनवासात सीतामाई हितं न्हाली, अन् त्या कड्यावर बसून केस विंचरले. मोकळे सोडलेले केस, ते बगा."

तिनं हात केला तिकडं आम्ही पाहिलं. मला पाणीच दिसलं, पांढरं, धबाधबा कोसळणारं. आता आमचं जुनं भांडण सांगायला हवं. भाचा धबधब्याचा फोटो नेहमी शटर दोन-दोन सेकंद उघडं ठेवून काढतो. त्यात पाणी दुधासारखं गुळगुळीत दिसतं. मी त्याला दरवेळी सुनावते, की असं पाणी कुणी कधी बघितलंय का, खोटं आहे हे. त्या दिवशी मी काही बोलायच्या आत त्यानं फिल्टर चढवला, ट्रायपॉड रोवला, फोटो काढला आणि स्क्रीन त्या बाईपुढं धरली.

दोन सेकंदांत पाण्याच्या धारा वेगवेगळ्या झाल्या होत्या. खडकाचा एकेक दात मधे आला होता आणि त्यातून पाणी बटा-बटांनी खाली उतरत होतं. फणी फिरवल्यावर दिसतात तसे केस, अगदी तसेच. बाई म्हणाली, "मग? म्या काय सांगायले?" भाचा माझ्याकडं बघून हसला. मी शेंगा खात बसले.

मग मी चित्राला बसले. धबधब्याचा पांढरा रंग मी कधी रंगवत नाही, कागदच कोरा सोडते. ह्या वेळी मात्र खडक रंगवताना ब्रशऐवजी जुना दात-घासायचा ब्रश घेतला आणि ओला रंग वरून खाली ओढला. कॅलेंडर झालं नाही एवढं नक्की.

(जाणाऱ्यांसाठी : पायऱ्यांवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. फवाऱ्यानं लेन्सवर थेंब बसतात, सुती फडकी दोन-तीन ठेवा, एक भिजतंच. कागद जाड, ३०० जीएसएमचा घ्या. पातळ कागद दमट हवेत पापडासारखा वाकतो आणि तासभर वाळत नाही.)

मुक्काम भाच्याच्या मित्राच्या शेतावर, पाटोद्याच्या अलीकडं कुठंतरी. अंधार पडल्यावर डांबरी सोडून पाणंदीला लागलो. मोबाइलची रेंज गेली. गाडीच्या उजेडात एक बाभूळ आली, तिच्या फांदीला निळी प्लास्टिकची दोरी लोंबत होती. भाच्याला ती आवडली, त्यानं उतरून फोटो काढला. पुढं गेलो. थोड्या वेळानं पुन्हा एक बाभूळ, निळी दोरी. "इकडं सगळेच दोऱ्या बांधतात वाटतं," मी म्हणाले. तिसऱ्यांदा ती बाभूळ आली तेव्हा दोघंही गप्प बसलो. बाहेर टिटवी ओरडत होती आणि ते ऐकायला अजिबात बरं वाटत नव्हतं.

शेवटी मोटारसायकलवर एक गडी आला. त्यानं आमच्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. "चकवा लागला व्हय? उतरा खाली. चपला काढा. जमिनीला पाय लागू द्या घडीभर." आम्ही उतरलो. मी बँकेतली बाई, पंचेचाळीस वर्षांची, अनवाणी चिखलात उभी. तो म्हणाला, "आता माझ्या मागं या."

कॅमेऱ्यातल्या वेळा नंतर बघितल्या : ७.४२, ७.५८, ८.१७. तीन फोटो, बाभूळ एकच. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कळलं की ती पाणंद एका पाझर तलावाला पूर्ण वळसा घालते. चकवा म्हणाल तर तलावाएवढाच होता. पण रात्री ते कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

जेवायला हुलग्याची शेंगोळी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मित्राच्या आजीनं चकव्याची सगळी हकिगत दोनदा सांगायला लावली आणि शेवटी म्हणाली, "सकाळी आसराच्या पाया पडून मगच हलायचं."

दुसरा दिवस : आसरा, लांडे मोर, जटायू

साडेपाचला आजीनं उठवलं. शेताच्या टोकाला जुनी विहीर आहे, दगडी, आता उपसा नसलेली. तिच्या काठाला, निर्गुडीच्या आडोशाला आसरा. सात आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. विहीर, डोह, तळं, जिथं पाणी खोल तिथं त्यांची वस्ती. मूर्ती नाही, डोळे नाहीत. शेंदूर लावलेले ओबडधोबड दगड, काही चिखलात अर्धे रुतलेले. पुढं हिरव्या बांगड्या, सुकून काळं पडलेलं लिंबू, एका कोपऱ्यात खणाचा तुकडा. शेंदरावर शेंदूर चढून दगडांच्या कडा गोल झाल्या होत्या. एका ठिकाणी पापुद्रा उचकटला होता, तिथं आत चार-पाच थर मोजता येत होते : वरचा भगवा, त्याखाली विटकरी, सगळ्यात आत जवळजवळ काळा. घरातल्या पिढ्या मोजायला एवढं पुरे होतं.

भाच्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, तशी आजी म्हणाली, "फोटू नगं लेकरा."

"बरं आजी," त्यानं लगेच खाली केला. लग्नातल्या म्हाताऱ्यांनी त्याला हे एक शिकवलंय.

मी भीत भीत विचारलं, "चित्र काढलं तर?"

आजीनं थोडा विचार केला. "चित्तर काढ. चित्तराला तू बसणार. फोटूवाला निस्ता घिऊन जातो."

मी बसले. विहिरीत पोहरा सोडून पाणी काढलं, त्यातच रंग कालवले. उजेड पुरता फुटला नव्हता, धुकं होतं, शेंदराचा रंग क्षणाक्षणाला बदलत होता. अर्ध्या तासात भुरभूर सुरू झाली. ओल्या केशरी रंगावर थेंब पडले आणि प्रत्येक थेंबाभोवती फिकट कडं उमटलं. असले डाग मी एरवी टिपकागदानं टिपून काढते. तेव्हा तसेच राहू दिले, कारण चित्रात बांगड्या वेगळ्या काढायची गरजच उरली नाही. कसंबसं गुंडाळून पळालो.

वाटेत आजीनं टिटवीचंही सांगितलं. ती अंडी ओढ्यातल्या वाळूत घालते की उंच बांधावर, यावर पाऊस कळतो. उंचावर घातली की पाऊस भरपूर. "औंदा बांधावर व्हती. रात्री ओरडली ती तीच. तिला पोरांची काळजी, तुमाला भुताची."

नायगावचं मयूर अभयारण्य मांजरसुंब्याकडं परतताना रस्त्यावरच आहे. १९९४ साली ते खास मोरांसाठी जाहीर झालं. पिसारा फुललेला मोर रंगवायचा, असं मी घरूनच ठरवून आले होते. मोर दिसले, बरेच दिसले, पण सगळे लांडे. पावसाळा सरताना मोर पिसारा झाडतो, हे मी शाळेत शिकलेय आणि साफ विसरले होते. बिनपिसाऱ्याचा मोर म्हणजे पगडी काढून ओसरीवर बसलेला पाटील. भाच्यानं मात्र ह्या पाटलांचेच फोटो काढले आणि ते मला आवडले. मोर पिसारा लावून हुबेहूब "मोर" दिसतो, तसा नसताना तो पक्षी दिसतो. खाली पडलेलं पीस उचलायचा मोह होतो, पण अभयारण्यातून काहीही आणायचं नसतं. मोरासाठी जायचं तर मे-जूनमध्ये, वळवाच्या सुमाराला जा.

मग सोलापूर महामार्ग, वाटेत कुंथलगिरीचे पेढे (खवा इतका भाजलेला की पेढा तपकिरी), आणि दुपारी येडशी.

येडशीजवळ घाटात रामलिंग आहे. दरीच्या पोटात देऊळ, भोवती अभयारण्य, शेजारी धबधबा. रावणाशी लढताना पंख छाटलेला जटायू इथंच पडला, आणि तहानलेल्या जटायूसाठी रामानं बाण मारून पाणी काढलं, असं सांगतात. जटायूची समाधीही दाखवतात. पण आधी माकडं. माझ्या पिशवीत पेढ्यांचा पुडा होता, हे एका माकडिणीला माझ्या आधी कळलं. पुडा गेला, त्याबरोबर बर्न्ट सिएना ह्या तपकिरी रंगाची ट्यूबही गेली. तिनं ट्यूब चावून बघितली, माझ्याकडं तुच्छतेनं पाहिलं आणि फेकून दिली. खाण्याचं काहीही गाडीतच ठेवा, अगदी वासाचं सुद्धा.

भाच्याला गिधाड हवं होतं. जटायूच्या दरीत गिधाड, तेही समाधीच्या वर घिरट्या घालणारं, हा फोटो त्यानं मनात काढूनच ठेवला होता. दोन तास मान वर करून बसला. घारी आल्या, एक सर्पगरुड शीळ घालून गेला. बस.

देवळाबाहेर खांद्यावर घोंगडं टाकलेले एक बापू बसले होते. मी कागदावर आभाळ आणि एक पक्षी काढला होता, तो बघून म्हणाले, "ही तर घार हाय."

"गिधाड कुठं दिसंल बापू?"

"आता कुठलं! आमच्या ल्हानपणी ढोर मेलं की माळावर टाकायचे. घडीभरात पन्नास उतरायची. आता टाकलं तर कुत्री येत्यात."

भाच्याला कारण ठाऊक होतं, तो सांगत होता आणि बापू मान हलवत होते. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं औषध द्यायचे. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. नव्वदच्या दशकापासून पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडं देशभरात शंभरातली पंच्याण्णवहून जास्त गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. बापू ऐकून म्हणाले, "म्हंजी ह्या खेपेला पंख न्हाई छाटले. सुई टोचली."

मग मी विचारलं, बसायची कशी गिधाडं? बापू उठून उभे राहिले. दोन्ही खांदे कानापर्यंत वर घेतले, मान त्यांच्या मधे बुडवली, घोंगडं दोन्ही बाजूंनी ओढून घेतलं आणि दरीकडं तोंड करून उभे राहिले. मी पेन्सिल उचलली. भाचाही मागं सरकला आणि त्यांना विचारून फोटो काढायला लागला. त्या घोंगड्याची घडी खांद्यावरून खाली येताना पंखासारखी दुमडत होती, मानेवर पांढऱ्या केसांची झालर होती. धबधब्याचं पाणी वाटीत होतंच. बर्न्ट सिएना माकडिणीनं फोडलेल्या ट्यूबमधून बोटानं काढला.

चित्र बघून बापू जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मलाच गिधाड केलंस व्हय बाई." रागावले का, मला कळेना. तेवढ्यात म्हणाले, "चोच जरा मोठी कर."

तिसरा दिवस : नळदुर्ग आणि घरी नसलेला देव

धाराशिवच्या लॉजचं काही सांगण्यासारखं नाही. सकाळी तुळजापूरला बाहेरूनच हात जोडून नळदुर्ग गाठलं.

बोरी नदी अडवून किल्ल्यातच बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ च्या सुमारास तो बांधला. बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी पाणी पडतं, एक नर आणि एक मादी. आम्ही गेलो तेव्हा एक धार जाड होती, एक बारीक. नर कुठला, हे तिघांना विचारलं. चहावाल्यानं जाड दाखवली. सोलापूरहून आलेल्या काकांनी बारीक दाखवली. त्यांच्या काकूंनी दोघांकडं दुर्लक्ष केलं आणि म्हणाल्या, "जी जास्त आवाज करते ती नर." नळराजा आणि दमयंतीवरून गडाला नाव पडलं, असंही चहावाल्यानं सांगितलं. पाणी महालाच्या खिडकीत बसून बाहेर बघितलं की समोर पाण्याचा पडदा आणि आपण आतल्या बाजूला, कोरडे. भाच्याचे इथले सगळे फोटो चांगले आले, म्हणूनच त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इथं मी चित्र काढलंच नाही. नुसती बसले.

माझं काम मैलारपूरला झालं. नळदुर्गला लागूनच खंडोबाचं ठाणं आहे. देऊळ शांत, आवारात एक कुत्रं झोपलेलं. गाभाऱ्यापाशी गेलो तर एक आजोबा म्हणाले, "देव अणदूरला असतोय सध्या." इथला खंडोबा दोन गावांत मुक्काम करतो. वर्षातले सव्वादहा महिने जवळच्या अणदूरला, पावणेदोन महिने इथं. पालखीतून येतो-जातो, दोन्ही गावांत त्याचा लेखी करार होतो, आणि पौषी पौर्णिमेची मोठी यात्रा इथं भरते. देव बदलीवर असतो, ही कल्पना बँकेतल्या माणसाला फारच पटली. आमच्यापेक्षा त्याची ऑर्डर स्पष्ट आहे.

पायऱ्यांच्या सांदीत जुना भंडारा साचलेला होता. आजोबांनी त्यांच्या पिशवीतला चिमूटभर माझ्या हातावर दिला. कपाळाला लावून उरलेला मी पाण्यात कालवला. हळद. कागदावर असा पिवळा मला कुठल्या ट्यूबमधून मिळाला नव्हता, आतून उजेड आल्यासारखा. मग आठवलं, की पारंपरिक कुंकू हळदीला चुना लावून करतात. नाक्यावरच्या टपरीवर गेले.

"पान?"

"नको. नुसता चुना द्या."

तो माझ्याकडं बघत राहिला. "ताई, तंबाखू तरी?"

बोटाच्या टोकावर चुना घेऊन मी त्या पिवळ्या माळाच्या कडेला ओढला, आणि बोटाखालीच तो लाल झाला, ताजा कुंकवासारखा. टपरीवरचे चौघेजण वाकून बघत होते. एकानं पुन्हा करून दाखवायला लावलं. माळ पिवळा, त्याच्या कडेला लाल वाट, वाटेवर कुणीच नाही, कारण पालखी अजून यायची होती. हे चित्र मला चारही दिवसांत सगळ्यात आवडलं.

पण लगेच सांगते, टिकत नाही. लाल दुसऱ्या सकाळी तपकिरी पडला. पिवळ्याला ऊन सोसत नाही, फायलीत बंद ठेवला तरच राहतो. आणि चुना लागलेलं बोट डोळ्याला लावू नका.

लातूरकडं जाताना उजनीला बासुंदी खाल्ली. भाच्यानं तीन वाट्या.

चौथा दिवस : उत्तरा नक्षत्रातली गर्दी

१७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. वाटेत शाळांपुढं पोरं इस्त्रीच्या गणवेशात, हातात झेंडे. आम्ही चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथच्या बेटाकडं निघालो होतो. बेट म्हणजे टेकाडच, भोवती पाणी नाही. द्रोणागिरी घेऊन निघालेल्या हनुमंताच्या हातून एक तुकडा इथं पडला, म्हणून हे संजीवनी बेट. औषधी वनस्पती खूप, आणि उत्तरा नक्षत्रात इथली झाडं अंगाला लागली, इथला वारा लागला, की दुखणी जातात असं मानतात. त्यामुळे चालणाऱ्यांची ही गर्दी. गुडघे धरून चढणाऱ्या बायका, कडेवर पोर, एक आजोबा सदरा काढून मुद्दाम झुडपांना पाठ घासत निघालेले.

"पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा," एक बाई म्हणाल्या, आणि खरंच शिंतडायला लागलं. कुणी छत्री उघडली नाही. भिजण्यासाठीच आले होते.

कुंपणाला कळलावी फुललेली दिसली. पाकळ्या उलट्या वळलेल्या, खालून पिवळ्या, टोकाला लालभडक, जाळ कुणीतरी उपडा धरल्यासारखा. हिला वाघनखीही म्हणतात. सगळी वनस्पती विषारी, कंद तर फारच. घरात आणली तर भांडणं लागतात, म्हणून कळलावी, असं सांगतात. मी ती दगडावर बसून रंगवली. भाच्यानं जवळून दहा-बारा फोटो घेतले आणि नंतर तासभर आम्ही तो फोटो चांगला की माझं चित्र, यावरून खरंच भांडलो. लातूर रोडला चहा पिताना त्याच्या लक्षात आलं.

रात्री उशिरा घरी पोचलो. दोन दिवसांनी चित्रं जमिनीवर पसरून बसले. बापूंच्या चित्राला चोच मोठी केली. आसरांचं चित्र उचललं, थेंबांचे डाग बघत होते, आणि सहज दगड मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहाच.

भाच्याला फोन केला. "तुझ्या एखाद्या फोटोत मागं कुठं आलेत का बघ."

"मावशी, काढलाच नव्हता ना. नको म्हणाल्या होत्या त्या."

मग त्याच्या मित्राकडून आजींना फोन लावला. नीट सांगितलं, की उजेड कमी होता, पाऊस आला, माझ्याकडून एक राहिली असणार, चुकलं माझं. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"न्हाई गं," ती म्हणाली, "त्या येळंला एक पाण्यात गेली असंल."